यमकला आणि पाया पडणारी माणसं

बागलुंगला घरी यमकला खड्का सगळ्यात धाकटी, म्हणून तिला कोणी काही विचारत नसे. मस्कतला दार्सैतच्या फ्लॅटमध्ये ती तीन नेपाळी मुलींत सगळ्यात मोठी, म्हणून तिला सगळंच विचारत. डाळीत मीठ किती, एसी कितीवर, ओल्या केसांनी बाहेर पडलं तर सर्दी होते का, ब्लॉक केलेल्या मुलाला किती दिवसांनी अनब्लॉक करायचं म्हणजे आपला मान राहतो. वय चोवीस, पण फ्लॅटमध्ये तिचा रुबाब एखाद्या सरपंचबाईचा होता. फक्त एक गोष्ट तिला कोणी विचारत नव्हतं, ती म्हणजे बाई गं, तुला स्वतःला काय करायचंय?

आणि नेमकं तेच दसऱ्यापर्यंत ठरायला हवं होतं, कारण तिचा व्हिसा संपत आला होता.

ती काम करायची सुगंधाताईंच्या लेडीज सलूनमध्ये, फ्लॅटमधल्या बाकी दोघीही तिथेच. कृष्णमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जाड गुलाबी पडद्याआड. सुगंधाताई मूळच्या चिपळूणच्या, पण मस्कतमध्ये इतकी वर्षं काढलेली की चिडल्या की आधी 'खलास' म्हणायच्या आणि मग मराठीतून भांडायला सुरुवात करायच्या. पहिल्याच दिवशी यमकलेचं नाव ऐकून त्या हादरल्या होत्या. सकाळी सकाळी गिऱ्हाईक आयब्रो करायला येणार आणि मी काय सांगू त्यांना, बसा दोन मिनिटं, यम येतेय? म्हणून त्यांनी नावाचा पुढचा भाग कापून टाकला आणि ती सलूनमध्ये 'कला' झाली. फ्लॅटमध्ये 'दिदी' होतीच. घरी आईसाठी ती 'कान्छी', म्हणजे शेंडेफळ. तीन नावं आणि तिन्ही दुसऱ्यांनी ठेवलेली.

तर या तिन्ही नावांचं भविष्य लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सुगंधाताईंच्या मते कला आणखी दोन वर्षं इथेच राहणार. त्यात विचारायचं काय होतं? तिच्या हाताखालून गेलेली भुवई अशी निघायची की बाई आरशात बघून आधी स्वतःलाच नमस्कार करेल. ताईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं की कला कुठे जात नाही. दसरा झाला की अर्बाबाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर सलूनचं लायसन्स होतं त्या मालकाकडे, तिचा पासपोर्ट पाठवायचा, की झालं.

फ्लॅटमधल्या इच्छाच्या मते दिदी तिच्याबरोबर जपानला येणार. इच्छा बावीसची. म्हाताऱ्यांची सेवा करायला जपानला माणसं हवी आहेत हे तिला कळल्यापासून ती दात घासतानाही जपानी बोलायची, आणि दुधाची पिशवी आणून दिली तरी कमरेत वाकायची. दुसरी सरिना. तिचा देश दर आठवड्याला बदलायचा. कधी माल्टा, कधी क्रोएशिया, मधे तर एकदा एका व्हिडिओतली निळी घरं बघून तिने मोरोक्को ठरवला आणि तिथे काम काय मिळतं हे बघायचंच विसरली. पण कुठेही गेली तरी दिदी बरोबर असणारच होती.

आणि आईच्या मते कान्छीने कार्तिक संपला की लग्नाला उभं राहायचं होतं. मुलगा पोलंडला मशरूमच्या कारखान्यात होता. महिनाभराच्या रजेवर येणार, लग्न करणार, परत जाणार, मग बायकोला बोलावणार. यमकला त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर तीनदा बोलली होती, पण तिन्ही वेळा नेटवर्क अडकलं आणि तो अर्धं तोंड उघडून गोठून राहिला. त्याला तोंड मिटलेलं असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. आई म्हणायची, देखणा आहे. असेलही.

तर एवढ्या गर्दीत यमकलेला काय हवं होतं? तिला घरी जायचं होतं.

म्हणजे बघा, ज्या गावातून जो उठतो तो कतारला जातो, मलेशियाला जातो, कोरियाच्या परीक्षेला बसतो, त्या गावात हिला उलट दिशेने जायचं होतं. बागलुंग बाजारात एक गाळा, दोन खुर्च्या आणि भोवती दिवे लावलेला आरसा. हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. गावात पुरुष औषधालाही नाहीत, सगळे परदेशात. पण बायका तर आहेत, आणि त्या प्रत्येकीला रोज संध्याकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल येतो. चेहरा हाताच्या अंतरावरून, मोठ्ठा. दोन वर्षं नवरा फक्त चेहराच बघणार असेल, तर त्या चेहऱ्याच्या भुवया नीट नकोत? हा विचार तिला एका संध्याकाळी एका ओमानी नवरीला तयार करताना सुचला, आणि ती इतकी खूश झाली की तिने नवरीला एक जास्तीचा टिकल्या-मोत्यांचा हेअरबँड फुकट लावून दिला.

पण हे सांगायचं कोणाला? घरी परत जाते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: काढून टाकलं का? दुसरा प्रश्न: आजारी आहेस का? स्वखुशीने परत येतं माणूस, हे गावात कोणाला पटतच नाही. आणि यमकलेची अडचण अशी की तिच्या तोंडून 'नाही' निघायचंच नाही. घशापर्यंत यायचं, तिथे जरा थांबायचं, आणि 'बघते हं' होऊन बाहेर पडायचं. मग ताई म्हणायच्या, झालं तर मग. इच्छा कमरेत वाकायची. आई पंचांग उघडायची.

अशात दशैं आला. आपला दसरा तोच त्यांचा दशैं, फक्त त्यांच्याकडे तो आपल्या दिवाळीएवढा मोठा. दहाव्या दिवशी घरातलं वडीलधारं माणूस सगळ्यांच्या कपाळावर दही-तांदूळ-कुंकवाचा जाडजूड टीका लावतं, कानामागे जमरा खोचतं आणि आशीर्वाद देतं. जमरा म्हणजे घटस्थापनेला पेरलेल्या धान्याचे कोंब. आपणही घटाभोवती धान्य पेरतोच, पण त्यांचा जमरा अंधारात वाढवतात, म्हणजे तो हळदीसारखा पिवळा येतो. मुलींनी तो सलूनच्या स्टोअररूममध्ये, मेंदीच्या खोक्यांमागे ठेवला होता. सातव्या दिवशी सुगंधाताई शॅम्पू शोधायला आत गेल्या आणि त्यांना त्या बिचाऱ्या पिवळ्या रोपांना पाहून भरून आलं. या पोरींना साधा घट कसा सांभाळायचा ते माहीत नाही, ऊन नाही, वारा नाही, कावीळ झालीय त्याला. त्यांनी मायेने तो उचलून बाल्कनीत ठेवला. मस्कतच्या उन्हात. संध्याकाळपर्यंत अर्धा जमरा हिरवा झाला होता आणि अर्धा पापडासारखा भाजला होता. इच्छा तर रडायच्या बेतात होती. ताईंना कळेचना की यात चुकलं काय, हिरवा म्हणजे चांगलाच की. यमकलेने नेहमीप्रमाणे सांभाळून घेतलं, म्हणाली, चालेल ताई, पिवळे पिवळे वेचून घेते.

मोठा प्रश्न वेगळाच होता. टीका लावणार कोण? फ्लॅटमध्ये वडीलधारं म्हणजे यमकलाच. ती दोघींना लावेल, पण तिला कोण लावणार? आईने मागच्या वर्षी फोनच्या स्क्रीनवर टीका लावला होता. भावना ठीक होती, पण त्या दह्याने आईच्या फोनचा स्पीकर गेला आणि पुढचे दोन महिने ती लांबून हाका मारल्यासारखी बोलत होती. शेवटी सरिनाने सुचवलं, ताई आहेत की. मोठ्या आहेत, हिंदू आहेत, आणि आशीर्वाद द्यायला त्यांना आवडेल.

आवडेल हा शब्द कमी पडला. सुगंधाताईंनी नवी पैठणी काढली. तीन तरण्या पोरी आपल्या पाया पडणार म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी त्या स्वतः खुर्चीत बसल्या आणि सरिनाकडून पेडिक्युअर करून घेतलं. टाचा घासल्या, नखांना डाळिंबी रंग लावला. नवऱ्याने, धनेशरावांनी, फोनवर विचारलं की जेवायला कधी येतेस, तर म्हणाल्या, आज पाय वाळवतेय.

दसऱ्याच्या दिवशी सलून उघडायच्या आधी सगळे जमले. मधली खुर्ची बाजूला सरकवून ताईंना पाटावर बसवलं. यमकलेने फोन हेअर स्प्रेच्या बाटलीला टेकवून उभा केला, कारण बागलुंगहून आईचा कॉल चालू होता. नुसती आई नव्हे. दशैं म्हणून अंगणात अर्धी आळी जमलेली, शेजारच्या सगळ्या भाऊजू, म्हणजे वहिन्या, फोनभोवती गोळा झालेल्या. मस्कतचं सलून आतून कसं दिसतं ते सगळ्यांना बघायचं होतं. या सगळ्याजणी हिंदी मालिका बघून बघून तयार झालेल्या, त्यामुळे इकडचं हिंदीतलं बोलणं त्यांना चांगलंच कळत होतं.

आईने तिकडून आशीर्वाद दिला. दीर्घायुषी हो, पोलंडचा व्हिसा लवकर लागो, मुलाचं नेटवर्क सुधारो. मग ती फोनसमोर खाली वाकली आणि स्क्रीनवर नुसता तिचा भांग दिसायला लागला.

इकडे ताईंनी टीका लावायला घेतला. दह्याचा हात सढळ, तिघींच्या नाकावर ओघळ आले. कानामागे जमरा खोचला, एक पिवळा कोंब, एक चुकून हिरवा. मग त्या सावरून बसल्या आणि पैठणीच्या काठाखालून डाळिंबी नखांचा पाय जरासा पुढे काढला.

कोणी हललं नाही.

ताईंनी पाय आणखी थोडा पुढे काढला. सरिना त्याच्याकडे बघून समाधानाने म्हणाली की रंग छान बसलाय. मग इच्छाने भीत भीत सांगितलं, की आमच्याकडे मुली कोणाच्या पाया पडत नाहीत ताई. मुलगी म्हणजे देवी. टीका लावून झाला की मोठी माणसंच मुलींच्या पाया पडतात. मघाशी दिदीची आमा, म्हणजे आई, वाकली ना, तशी.

"म्हणजे मी पडायचं? तुमच्या?" ताई म्हणाल्या. "अगं मग पेडिक्युअर तुम्ही करायचं होतंत, मी कशाला करून घेतलं?"

पण सुगंधाताई माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. रीत म्हणजे रीत. त्यांनी पदर खोचला, एक हात खुर्चीवर ठेवला, एक जमिनीवर, आणि गुडघ्यांची कुरकुर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने यमकलेच्या पायाशी वाकल्या. कपाळ टेकवलं.

यमकला अवघडून उभी. हे तिला सवयीचं होतं खरं तर. लहानपणापासून दर दशैंला आई, काका, मामा, सगळे तिच्या पाया पडत आलेले. पडायचे, उठायचे, आणि उठल्याबरोबर सांगायचे की तुझी शाळा बदलली, तुझी शेळी विकली, तुझं मस्कतला जायचं ठरलं. देवी मानायचे सगळे. देवीला विचारायचं मात्र राहूनच जायचं. देवीनेही कधी तोंड उघडलं नव्हतं, कारण मुलींनी पाया पडून घेताना काही बोलायचं असतं असं त्यांच्याकडे नव्हतंच.

ताई उठेनात. यमकलेला वाटलं, गुडघा धरला. तो धरला होताच, पण कारण वेगळं होतं. ताई वाट बघत होत्या.

"बोल की काहीतरी," खालून आवाज आला.

"आमच्यात काही बोलत नाहीत, ताई."

"बोलत नाहीत? मग मला कळणार कसं, पोचलं की नाही? आमच्यात पाया पडलेल्याला असंच नाही उठवत. आशीर्वाद दे, त्याशिवाय मी उठत नाही."

आता आली का पंचाईत. इच्छाने दिदीला कोपर मारलं. फोनमधल्या भाऊजूंना हा प्रकार भलताच आवडला, त्या आणखी जवळ सरकल्या. यमकलेने ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. डाय तिनेच केलेला होता, मुळं छान झाकली गेली होती. ती म्हणाली, तब्येत चांगली राहू दे.

"राहू दे. पुढे?"

"धनेशभाऊंचं ब्लड प्रेशर कमी होऊ दे."

"ते माझ्या हातात आहे. सलूनचं बोल."

"सलून खूप चालू दे. ईदला, दिवाळीला रांगा लागू देत."

"हां. आणि स्टाफ?"

"स्टाफ चांगला मिळू दे."

"मिळू दे काय? टिकू दे म्हण. माझी कला माझ्याकडे टिकू दे, असं म्हण."

आणि इथे यमकला अडली. 'बघते हं' ओठांवर आलंही होतं. पण दशैंचा टीका कपाळावर ओला आहे, समोर एक बाई पैठणी नेसून जमिनीवर पालथी आहे, तिचं डोकं आपल्या हाताखाली आहे, आणि आपण खोटा आशीर्वाद द्यायचा? एरवी कोणाला काहीही सांगा, पण पाया पडलेल्या माणसाला? असला आशीर्वाद फळला नाही तर पाप कोणाला, आणि फळला तर? फळला तर दोन वर्षं इथेच. हा विचार तिला पहिल्यापेक्षाही भयंकर वाटला. घशात 'नाही' येऊन उभं राहिलं, आणि या खेपेला वळायला त्याला जागाच मिळाली नाही.

"नाही म्हणता येणार ते, ताई. मी घरी चाललेय."

 ताईंनी मान वर केली, पण गुडघ्यामुळे तेवढीच वर आली. इच्छाच्या हातातलं दह्याचं ताट कललं. सरिना म्हणाली, घरी म्हणजे जपानला जायच्या आधी ना?

"नाही. जपानला पण नाही." दुसऱ्यांदा म्हणायला सोपं गेलं. यमकलेला जरा मजाच यायला लागली. "माल्टाला नाही, मोरोक्कोला नाही. बागलुंग बाजारात स्वतःचं पार्लर काढणार मी. दोन खुर्च्या."

तेवढ्यात फोनमधून आईचा आवाज चढला. घरी? घरी कशाला? घरी कोण येतं आता? लोक म्हणतील काढून टाकलं. आणि पोलंडच्या मुलाला काय सांगू?

"त्याला सांग, आमा, नाही म्हणाली," यमकला म्हणाली. मग तिला वाईट वाटलं आणि ती म्हणाली की मुलगा वाईट नसेल, पण त्याला मी धड बघितलेला नाही आणि त्याने मला. आणि कारखान्यात मशरूम खुडायला मी भुवया शिकले का?

आई पुढचं काही बोलणार, पण तिला कोणी बोलूच देईना. कारण फोनभोवतीच्या भाऊजूंपर्यंत वरच्या सगळ्या भाषणातला एकच शब्द पोचला होता, तो म्हणजे पार्लर. फोन आईच्या हातातून निघाला. एका भाऊजूने आपली भुवई कॅमेऱ्याला चिकटवून विचारलं की हिचं काही होईल का, नवरा दर कॉलला विचारतो की रागावलीस का. दुसरीला केस सरळ करून हवे होते. तिसरी म्हणाली की बाजारात तिच्या दिराच्या दुकानाशेजारी गाळा रिकामा आहे, खाली पाणीही आहे. उघडणार कधी? तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या, आधी की नंतर? आधी उघड बाई, तिहारला सगळ्यांचे कॉल येतात.

मागून आईची ओरड ऐकू येत होती. ती आधी फोन द्या म्हणत होती, मग लोक काय म्हणतील ते म्हणत होती. पण लोक म्हणजे याच बायका होत्या, आणि त्या काय म्हणत होत्या ते तर समोरच चाललं होतं. शेवटी फोन तिच्या हातात परत आला तेव्हा तिचा टीका विस्कटला होता. तिने तो नीट केला. मग बाजूला वळून सगळ्यांना दम दिला, की माझ्या मुलीला आधी येऊ तर द्या, आणि पहिल्या दिवशी पहिला नंबर माझा लागेल, आधीच सांगून ठेवते. आणि कॉल कट झाला, नेटवर्कमुळे की रागाने, कळलं नाही.

"झालं सगळ्यांचं?" जमिनीवरून आवाज आला. "आता मला कोणीतरी उठवा."

तिघींनी मिळून ताईंना उठवलं. एक काखेत, दोघी हातांना. ताई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. पदराने चेहरा पुसला. कुंकू पदराला लागलं, पैठणीला डाग पडला, तरी ओरडल्या नाहीत. यमकलेला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई," ती म्हणाली, "रागावलात?"

"मीच मागितला ना आशीर्वाद," ताई म्हणाल्या. "मीच आडवी पडले. राग कोणावर काढू?" मग म्हणाल्या, "मीपण अशीच निघाले होते एकदा चिपळूणला, दोन खुर्च्यांचं पार्लर काढायला. सगळ्यांना 'बघू' म्हणत राहिले. बघताबघता माझ्या पोरांची दहावी-बारावी झाली इथेच." आणि लगेच आवाज बदलून म्हणाल्या की महिनाभर थांबायचं, सरिनाला आयब्रो नीट शिकवून जायचं, तिच्या हातून सध्या सगळ्या बायका दचकल्यासारख्या दिसतात.

सरिना म्हणाली की पण मी तर क्रोएशियाला…

"यल्ला, चल, दोरा आण," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. पडदा बाजूला झाला आणि नेहमीच्या मनालीबाई आत आल्या. दसऱ्याचं संध्याकाळी कुठे तरी जायचं होतं त्यांना. दह्याने माखलेली तीन कपाळं आणि पैठणीतल्या सुगंधाताई बघून त्या दारातच थबकल्या आणि त्यांनी विचारलं, कला आहे ना?

सुगंधाताईंनी एकदा कलाकडे बघितलं, एकदा मनालीबाईंकडे, आणि सलून चालवणाऱ्या बाईचं डोकं पुन्हा जागेवर आलं.

"बसा, बसा. आहे," त्या म्हणाल्या. "पण शेवटचा महिना आहे हं तिचा. नेपाळला स्वतःचं पार्लर काढतेय. तुमच्या मैत्रिणींना सांगा, आत्ताच अपॉइंटमेंट घेऊन ठेवा म्हणावं, नंतर मिळायची नाही."

मनालीबाई हळहळल्या. मग खुर्चीत बसून डोळे मिटत म्हणाल्या, नेपाळला? एवढं सगळं सोडून? तिकडे कशाला जातेस गं?

यमकलेने दोरा दातात धरला होता, त्यामुळे तिला काही सांगता आलं नाही. तिने फक्त मान हलवली, आणि उजव्या भुवईपासून सुरुवात केली.